वासूनानाच्या खोलीतली वाघीण

मित्रांनो, नाक दाबायची गरज नाही. मी एक जुने काचेचे उपकरण आहे हे खरे, आणि एके काळी माझ्या वासाने चांगली धडधाकट मुले खोलीबाहेर पळत हेही खरे. पण आता माझे पोट धुऊनपुसून कोरडे केलेले आहे. जवळ या. माझी गोष्ट सांगण्यासारखी आहे की नाही याची मला स्वतःलाच खात्री नाही. मध्येच कंटाळा आला तर खुशाल उठून जा, मी राग मानणार नाही. लोक उठून जाण्याची मला सवय आहे.

पुस्तकात माझे नाव ‘किपचे उपकरण’ असे छापलेले असते. एकावर एक बसवलेले काचेचे तीन गोळे, असे माझे रूप. वरच्या गोळ्यातून ओतलेले आम्ल एका लांब नळीने थेट तळच्या गोळ्यात उतरते. मधल्या गोळ्यात आयर्न सल्फाईडचे काळे खडे असतात आणि त्याच गोळ्याला एक तोटी असते. तोटी उघडली की आम्ल वर चढते, खड्यांना भिडते आणि वायू तयार होतो. तोटी बंद केली की कोंडलेला वायूच आम्लाला खाली रेटतो आणि सगळे पुन्हा शांत होते. मागाल तेवढेच द्यायचे आणि एरवी गप्प राहायचे, असा माझा स्वभाव. स्वभावाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या वायूबद्दल. हायड्रोजन सल्फाईड हे त्याचे भारदस्त नाव, आणि वास सडक्या अंड्यांचा.

मला घडवले एका काच फुंकणाऱ्या कारागिराने. भट्टीपुढे बसून बसून त्याचे गाल विटेसारखे झाले होते. त्याची बायको मला भुशात गुंडाळायला आली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

“अहो, हे काय? कमरेत केवढं बारीक झालंय!”

“असू दे. तुझ्या भावावर गेलंय. पोटात कितीही भरा, अंगाला लागत नाही.”

“माझ्या भावाचं नाव काढू नका हं! पाठवताय कुठे याला?”

“कॉलेजात. तिथं मुलं प्रयोग शिकतात.”

“बरं झालं,” ती मला भुशात दाबत म्हणाली, “आपल्या घरातलं एक तरी कॉलेजात जातंय.”

हे ऐकून मी फार हुरळलो. मला वाटले, मोठ्या टेबलावर, चंचुपात्रांच्या आणि चकचकीत तराजूच्या शेजारी आपल्याला जागा मिळेल. पण प्रयोगशाळेत सामान काढून देणारे एक गृहस्थ होते, ज्यांना लहानथोर सगळेच मामा म्हणत; त्यांनी मला उचलले ते सरळ टोकाच्या एका लहानशा खोलीत नेले. एक खिडकी, तिच्यात गरगरणारा पंखा, काचेचा चौकोन असलेले दार आणि एक दगडी ओटा. गॅसची खोली म्हणत तिला.

“तुझी जागा ही, बाबा,” मामा म्हणाले. “तू चांगलाच आहेस. पण लांबून.”

पहिल्याच वर्षीच्या मुलांनी माझे नाव ‘वासूनाना’ ठेवले, आणि ते पुढच्या मुलांना वारशात मिळत गेले. तेव्हापासून मीही स्वतःला नाना समजू लागलो. कोणी हाक मारण्याइतके आपले मानते, एवढ्यावरच माझे समाधान होई.

माझे काम काय, ते सांगतो. मुलांना एका पुडीत पांढरी किंवा रंगीत पूड मिळते. तो असतो एक क्षार. त्याचे दोन भाग कोणते, ते त्यांनी शोधून काढायचे. धातू कोणता हे शोधताना परीक्षानळीतल्या द्रावणात माझा वायू सोडावा लागतो. मग स्वच्छ पाण्यासारख्या दिसणाऱ्या द्रावणात एकदम रंग उतरतो. कॅडमियम असेल तर सूर्यफुलासारखा पिवळा. अँटिमनी असेल तर नारिंगी. तांबे असेल तर काजळासारखा काळा. जस्त असेल तर पांढरा. श्वास कोंडून, डोळे वटारून उभी असलेली मुले तो रंग पाहून वास विसरत आणि ओरडत, “आला! नाना, आला!” त्या एका क्षणासाठी मी दिवसभर नाके मुरडलेली सहन करत असे.

अशी पुष्कळ वर्षे गेली. मग ती आली.

ती अंगाने लहानखुरी, आवाजाने त्याहून लहान. वर्गात प्रश्न विचारला तर पायाच्या अंगठ्याकडे बघून उत्तर देणारी. पण पहिल्यांदा माझ्या खोलीत आली ती नाकाला रुमाल न लावता. शांतपणे नळी माझ्या तोटीच्या रबरी नळीखाली धरली, रंग येईपर्यंत थांबली, माझ्याकडे बघून हसली आणि गेली. बाहेर गलका झाला.

“अगं, तुला काहीच कसं वाटलं नाही?”

“ही वाघीण आहे, वाघीण!”

असे तिचे नाव पडले. भित्र्या मुलीला वाघीण म्हटले की ती सुखावतेच. तीही सुखावली. मग एकेकजण म्हणू लागला, “वाघिणी, जातेच आहेस तर माझीही नळी ने ना.” बघता बघता साऱ्या वर्गाच्या नळ्या एका लाकडी घोडीत लावून ती एकटीच आत येऊ लागली. बाकीचे बाहेर मोकळ्या हवेत गप्पा मारत. शिकवणाऱ्या मॅडम कडक होत्या, पण खोलीत गर्दी नाही, नळ्या फुटत नाहीत, हे पाहून त्याही काही बोलल्या नाहीत.

आणि मी? माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याजवळ श्वास न कोंडता उभे राहत होते. ती नळ्या धरताना माझ्याशी हळू आवाजात बोले. “नाना, आज आई रागावली.” “नाना, मला प्रयोगशाळेतच नोकरी करायचीय.” मला वाटले, आपला वास सोसूनही आपल्याला जवळ करणारे माणूस शेवटी भेटले. असे वाटण्यात मी किती सुखी होतो ते सांगता येत नाही.

तिच्या टेबलावरच्या जोडीदाराला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो कधी बंदच होत नसे. एके दिवशी तो तिच्या मागोमाग, नाकपुड्या चिमटीत धरून, माझ्या खोलीत शिरला आणि त्याने दार लावून घेतले.

“खरं सांग,” तो चिमटीतून गेंगाण्या आवाजात म्हणाला. “मघाशी अमोनियाचा वास कसा आहे म्हणून तू मला विचारलंस. मी गंमत म्हणून गुलाबासारखा म्हटलं. आणि तू ते लिहून टाकलंस!”

तिने हातातली नळी घोडीत ठेवली.

“अमोनियाचा भपकारा डोक्यात जातो गं. गोठ्यात शिरल्यासारखं वाटतं. आणि तू लिहितेस गुलाब?”

“मला वास येत नाही,” ती म्हणाली. “लहानपणी मोठा ताप आला होता. तेव्हापासून कशाचाच नाही.”

रेडिओची चिमटी सुटली. वास नाकात गेला तरी तो हलला नाही.

“वासूनानाचाही नाही?”

“नाही. कुणाला सांगू नकोस. आई म्हणते, लोकांना कळलं तर मला काढून टाकतील.”

“नाही सांगणार. आजपासून मी तुझं नाक.” मग त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो बाहेर पळाला.

पोटात गोळा आला असे मी म्हणणार होतो, पण मी गोळ्यांचाच बनलेला. मला तशी सोय नाही. तिने मला सोसले नव्हते. मी कसा आहे हे तिला मुळात माहीतच नव्हते. वाईट वाटले, नाही म्हणत नाही. पण त्याहून मोठी भीती नंतर हळूहळू माझ्या मनात उतरली. माझा वायू नुसता घाण नाही, मित्रांनो, तो विषारी आहे. लोक नाक दाबून पळतात म्हणून वाचतात. ही पळणार कशी? आणि साऱ्या वर्गाच्या नळ्या घेऊन ती सगळ्यांत जास्त वेळ माझ्याच शेजारी उभी. मला तोंड असते तर ओरडलो असतो. मला होती ती फक्त तोटी, आणि तीही दुसऱ्याने फिरवायची.

व्हायचे ते झालेच. रेडिओ तापाने घरी होता. खिडकीतला पंखा कुरकुरत बंद पडला. त्याच दिवशी माझ्या तोटीवरची रबरी नळी सैल होऊन निसटली, आणि ती पुन्हा नीट बसवण्यात तिचा वेळ गेला. दुसऱ्या कोणी तोटी बंद करून धूम ठोकली असती. तिला वाटले, थोडेसेच तर काम आहे. मी बघत होतो. तिने एकदा कपाळ पुसले. मग ओट्याला धरले. मग नळ्यांची घोडी हातातून सुटली, काचा फुटल्या, पिवळे काळे पाणी जमिनीवर पसरले आणि ती त्यात खाली बसली ती आडवीच झाली.

मॅडम धावत आल्या. पदर नाकाला लावायचेही त्यांना सुचले नाही. त्यांनी तिला काखेत धरून ओढत बाहेर नेले. मामांनी आत येऊन माझी तोटी बंद केली. मोकळ्या हवेत ती हळूहळू शुद्धीवर आली. दाराच्या काचेतून मला तिचा हललेला हात दिसला आणि माझ्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ठीक आहे असे सांगितल्यावर तिची आई तिला घेऊन मॅडमच्या टेबलापाशी आली. ते टेबल माझ्या दाराला लागूनच होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

“मीच हिला सांगितलं होतं, बोलू नकोस म्हणून,” आई म्हणाली. “पोरीच्या जातीत आधीच लोक खोड काढतात. त्यात हे.”

“ताई, मी खोड काढत नाहीये,” मॅडम म्हणाल्या. “पण इथं नाक हे पहारेकरी असतं. हिच्या दारावर पहारेकरीच नाही. काल हिला काही झालं असतं तर तुम्हाला काय तोंड दाखवलं असतं मी? हिनं दुसरा विषय घ्यावा. इतिहास आहे, भूगोल आहे.”

ती अंगठ्याकडेच बघत होती. मग मान वर करून म्हणाली, “मॅडम, मला एक क्षार द्या. वास न घेता ओळखते. नाही ओळखता आला तर इतिहास घेते.”

“ओळखशील गं. प्रश्न ओळखण्याचा नाही. सुरक्षित राहण्याचा आहे.”

तेव्हा तिने खिशातून कागदाची एक पांढरी पट्टी काढली. “लेड असिटेटच्या द्रावणात बुडवून वाळवलीय. नानाचा वायू लागला की काळी पडते. तुम्हीच शिकवलं होतं. ही मी ॲप्रनला टाचून आत जाईन. कडा तपकिरी व्हायला लागली की तोटी बंद करून बाहेर.”

मॅडमनी ती पट्टी उजेडात धरून पाहिली. “कडक आहेस,” असे त्या पुटपुटल्या. ते तिला म्हटले की स्वतःला, मला कळले नाही. मग म्हणाल्या, “पंखा दुरुस्त होऊ दे. मग बघू.”

पंखा दुरुस्त झाला. त्या सकाळी मॅडमनी मामांना एक बाटली काढायला सांगितली. मामांनी चष्मा वर करून तिच्यावरची चिठ्ठी वाचली.

“अमोनियम असिटेट? अहो मॅडम, याचे दोन्ही भाग तर सगळे नाकानंच ओळखतात. एकाला अमोनियाचा वास, दुसऱ्याला व्हिनेगरचा. पोरीला फाशीच देताय की!”

“सोपा दिला तर उद्या लोक म्हणतील दया दाखवली. तिलाही तेच वाटेल.”

माझ्या खोलीच्या काचेतून तिचे टेबल समोरच दिसे. रेडिओला मुद्दाम लांबच्या टेबलावर बसवले होते. तो तिकडे जाण्यापूर्वी तिने त्याला बजावले, “आज तू माझं नाक व्हायचं नाहीस.”

“शिंकायलाही नाही?”

“शिंकायलाही नाही.”

तिने नळीत क्षार घेऊन त्यावर अल्कली ओतली आणि गरम केली. अमोनिया निघाला. मागच्या बाकावरची मुले नाके मुरडू लागली. तिने लाल लिटमस कागद नळीच्या तोंडाशी धरला. अमोनिया असेल तर तो निळा व्हायला हवा. पण घाईगडबडीत कागद पाण्याने ओला करायचा राहून गेला होता. कोरडा लिटमस काही बोलत नाही, मित्रांनो. कागद लालच राहिला. तिने लिहिले, अमोनियम नाही.

रेडिओने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. आयुष्यात पहिल्यांदाच तो बंद पडला होता.

धातूंचे सहा गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाची परीक्षा वेगळी; दुसऱ्या आणि चौथ्या गटाला माझा वायू लागतो. मग ती एकेका गटाने धातू शोधू लागली. पहिल्या गटात काही नाही. दुसऱ्या गटासाठी ती माझ्याकडे आली, छातीवर पट्टी टाचलेली. या वेळी दाराशी मॅडम स्वतः उभ्या होत्या. तिने तोटी उघडली. बुडबुडे निघाले.

“नाना, काहीतरी दे ना,” ती अगदी हळू म्हणाली.

मी काय देणार? द्रावण पाण्यासारखे नितळच राहिले. पट्टीची कड जराशी तपकिरी झाली तशी तिने तोटी बंद केली आणि बाहेर गेली. तिसरा गट रिकामा. चौथ्या गटासाठी ती पुन्हा आली, नवी पट्टी लावून. पुन्हा बुडबुडे, पुन्हा नितळ पाणी. सगळ्या मुलांना मी इतके रंग दिले, आणि जिला द्यावेसे वाटत होते तिच्यासाठी माझ्याजवळ काहीच नव्हते. एवढा नालायक मी स्वतःला कधी वाटलो नव्हतो.

पाचवा गट रिकामा. सहावाही रिकामा. ती स्टुलावर बसली. ॲप्रनचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. मागे कोणीतरी कुजबुजले, “गेली वाघीण इतिहासात.” तिने ते ऐकले असावे.

मग ती एकदम ताठ बसली. स्वतःशीच, पण मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाली, “सगळेच नाही म्हणतात. आणि सगळ्यांचं नाही खोटं कसं असेल? म्हणजे जो कुठल्याच गटात बसत नाही तोच असणार.”

आमच्या पुड्यांत असा एकच असतो, धातू नसून धातूची जागा घेणारा. अमोनियम. पण त्याची परीक्षा तर तिने आधीच केली होती. तिने तो लाल कागद उचलून बोटांनी चाचपला. कोरडा! तिने कपाळावर हात मारून घेतला. नवा कागद घेतला, ओला केला, नळी पुन्हा गरम केली. कागद निळा झाला. तेवढ्यावर न थांबता तिने काचेची कांडी हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून नळीच्या तोंडाशी धरली. पांढरा दाट धूर उठला. क्षाराच्या दुसऱ्या भागासाठी तिने मामांकडे फेरिक क्लोराईड मागितले. दोन थेंब पडले आणि नळीतले द्रावण गर्द लाल झाले.

“अमोनियम असिटेट,” ती म्हणाली, मॅडमच्या डोळ्यांत बघून.

“लिटमस कोरडा का धरलास?”

“घाबरले होते.”

“घाबर हवं तेवढं. कागद ओला करायला विसरू नकोस.” मॅडमचा आवाज नेहमीसारखा नव्हता. “मग चूक सापडली कशी?”

“नानानं दोनदा नाही म्हटलं. नळी इतकी स्वच्छ होती की शंकाच उरली नाही.”

मित्रांनो, मी आयुष्यभर रंगांचा अभिमान धरला. काहीच न घडणे हेही उत्तर असते, आणि कधी कधी तेच उत्तर एखाद्याला हवे असते, हे मला त्या मुलीने शिकवले. कारागिराची बायको म्हणाली होती त्याप्रमाणे मी खरोखरच कॉलेजात शिकलो म्हणायचे.

मागे रेडिओ सुरू झाला होता आणि आता त्याला कोणी थांबवत नव्हते. मॅडमनी टेबलावर डस्टर आपटला. “ऐका सगळे. ही पट्टी उद्यापासून सगळ्यांनी लावायची, माझ्यासकट. हा वायू जास्त झाला की धडधाकट नाकंही मुकी होतात, तुमच्या भरवशाची नाकं कधी दगा देतील सांगता येत नाही. दुसरं, आपापली नळी आपण न्यायची. हिच्या हातात साऱ्या वर्गाच्या नळ्या जात होत्या, ते मी बघत होते आणि मला ते सोयीचं वाटत होतं. ती चूक माझी.” मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, “आणि तू उद्या वेळेवर ये.”

तिची आई बाहेर बाकावर बसली होती. मुलगी पळतच तिच्याकडे गेली. पुढचे बोलणे मला ऐकू आले नाही. नुसते हसणे ऐकू आले, आणि मध्येच कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज.

तिचे शिक्षण पूर्ण झाले आणि ती गेली. प्रयोगशाळेतच नोकरी लागली असे रेडिओ मामांना सांगत होता. त्यानंतर अनेक वर्गांनी ॲप्रनला पट्ट्या टाचल्या. पुढे अभ्यासक्रम बदलला. माझ्या वायूवाचून काम भागू लागले. मामांनी निवृत्त होण्याआधी माझ्या पोटातले खडे काढले, मला साबणाने आंघोळ घातली आणि या व्हरांड्यातल्या कपाटात आणून ठेवले. येणारीजाणारी मुले मला फुलदाणी समजतात. धूळ बसते, ती कोणी पुसली तर बरे वाटते. नाही पुसली तरी मी समजून घेतो.

पण एक मागणे आहे. ते माझ्यासाठी नाही. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात एखादे माणूस असेल जे कशालाच कुरकुरत नाही. सगळे ज्यापासून पळतात ते काम ते निमूटपणे करते. त्याला काही वाटत नाही, असे तुम्ही धरून चालाल. तसे धरून चालणे सोयीचे असते. तसे करू नका. त्याला त्रास होत नाही की त्रास होतोय हे त्याला कळायलाच मार्ग नाही, ते एकदा जवळ बसून विचारा. विचारूनही ते आत गेलेच, तर तुम्ही दाराशी उभे राहा. अधूनमधून हाक मारा. आणि आतून ओ येईपर्यंत जागचे हलू नका.